परसातील धबधबा

परसात खड्डा खणून त्यात पाणी भरले, म्हणजे तळे झाले असे अनेकांना वाटते. पहिले चार-सहा दिवस ते तसे दिसतेही. पाण्यात आभाळाचे प्रतिबिंब पडते, चिमण्या काठावर येऊन चोची बुडवितात. परंतु थोड्याच दिवसांत पाणी हिरवट होते, त्याला दर्प येऊ लागतो आणि पृष्ठभागाखाली डासांच्या अळ्या वळवळताना दिसतात. उष्ण हवेत अंड्यापासून उडता डास तयार होण्यास आठ-दहा दिवस पुरतात. हिवतापाचे जंतू डासाच्या शरीरात वाढतात हे रोनाल्ड रॉस यांनी १८९७ साली सिकंदराबाद येथे शोधून काढले. डेंग्यूचा डास तर घराजवळ साठलेल्या स्वच्छ पाण्यातही वाढतो. तळे करावयाचे, तर त्यातील पाणी जिवंत राखण्याची विद्याही आलीच पाहिजे.

मासा पाण्यात राहतो खरा. पण तो जगतो पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूवर. हा साठा फारच थोडा असतो. २० अंश सेल्सिअस उष्णतामानाच्या एक लिटर गोड्या पाण्यात हवेतून सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो. तेच पाणी ३० अंशांपर्यंत तापले, की साडेसात मिलिग्रॅमच उरतो. दिवसा पाणवनस्पती आणि शेवाळ सूर्यप्रकाशात प्राणवायू सोडतात. रात्री मात्र तीही माशांप्रमाणेच तो खर्च करतात. म्हणून तळ्यावरचे संकट भर दुपारी न येता पहाटे येते. त्या वेळी मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करीत असतील, तर तो त्यांचा खेळ नव्हे. ते गुदमरत असतात.

यावर उत्तम उपाय म्हणजे पडते पाणी. दगडावरून खाली येताना पाण्याचा पातळ पडदा होतो, तो फुटून तुषार होतात, आणि थेंबांबरोबर हवेचे बुडबुडे तळ्यात ओढले जातात. हलत्या पृष्ठभागाला श्वासनळी टेकविणे डासाच्या अळीला कठीण जाते. ज्या कोपऱ्यांत पाणी संथ राहते, तेथील अळ्या गप्पी मासे खाऊन टाकतात.

छत्रपती संभाजीनगर येथे, खाम नदीच्या काठी, पाणचक्की नावाचे जुने स्थळ आहे. डोंगरातील झऱ्याचे पाणी मातीच्या नळांतून तेथे आणून उंच भिंतीवरून हौदात सोडण्याची योजना होती, आणि त्याच पाण्याच्या जोरावर दळणाचे जाते फिरे. झरा उंचावर असल्याने पाणी आपल्याच भाराने येई. परसात असा झरा कोठून येणार? तेथे खाली पडलेले पाणीच पंपाने पुनःपुन्हा वर चढवावे लागते.

तळ्याची जागा मोठ्या झाडाखाली नसावी. पडलेली पाने कुजताना पाण्यातील प्राणवायू संपवितात. ३ मीटर लांब, २ मीटर रुंद आणि ६० सेंटीमीटर खोल खड्ड्यात ३,६०० लिटर पाणी मावते. खणलेली माती फेकू नये. तीच एका टोकाला रचून, पाणी मारून घट्ट चोपली, म्हणजे धबधब्याची टेकडी तयार होते. माती सैल राहिली तर पहिल्याच पावसात टेकडी खचते. शेततळ्यात अंथरतात तसा जाड प्लॅस्टिकचा कागद खड्ड्यात अंथरावा. त्याखाली वाळूचा थर व जुनी गोणपाटे असली, म्हणजे खडे टोचत नाहीत. कागदाच्या लांबीत व रुंदीत खोलीच्या दुप्पट भर घालावी आणि काठावर चाळीस-चाळीस सेंटीमीटर सोडावे. या हिशेबाने वरील खड्ड्यास ५ मीटर लांब व ४ मीटर रुंद कागद लागतो.

टेकडीवरही कागद हवाच. बहुतेकांचे येथेच चुकते. पाणी दगडांच्या पुढून वाहण्याऐवजी मागच्या फटींतून जिरते आणि तळे रोज थोडे थोडे उतरते. अशा वेळी पंप एक दिवस बंद ठेवावा. उतार थांबला, तर गळती टेकडीत आहे. न थांबला, तर खड्ड्यात आहे. माथ्यावरचा सपाट दगड काठाबाहेर थोडा पुढे काढावा, म्हणजे पाणी दगडाला चिकटून न ओघळता मोकळे पडते.

दोन तासांत तळ्याचे सर्व पाणी एकदा फिरवील एवढा पंप पुरे. त्याची विजेची जोडणी जाणत्या माणसानेच करावी. वीज झिरपताच प्रवाह तोडणारी कळ तेथे हवी, आणि पाण्यात हात घालण्यापूर्वी पंप बंद असावा. घरात लहान मूल असेल, तर तळ्याभोवती कुंपण अवश्य घालावे.

नळाच्या पाण्यातील क्लोरीन माशांना बाधतो. म्हणून त्यांना लगेच सोडू नये. शिवाय माशांच्या मलमूत्रातून अमोनिया हे विष तयार होते. त्याचे रूपांतर करणारे सूक्ष्म जंतू धबधब्याच्या दगडांवर वस्ती करतात. पण ती वस्ती वाढण्यास काही आठवडे लागतात. तोवर चार-दोन मासेच पुरेत. कुमुदिनीला अंगावर उडणारे पाणी सोसत नाही. ती दूरच्या टोकाला लावावी.

वीज वाचविण्यासाठी धबधबा थांबवावयाचाच झाला, तर पुष्कळ वनस्पती असलेल्या तळ्यात तो दिवसा उन्हाच्या वेळी घटकाभर थांबवावा. रात्री मात्र तो चालू हवा.