विहिरीतला चीक

आयुष्याची बरीच वर्षं मुंबईच्या पश्चिमेला, समुद्रातल्या रिगवर मड इंजिनिअर म्हणून गेली; मड म्हणजे तेलाची विहीर खोदताना तिच्यात फिरवायचा पातळ चिखल. १९७४ मध्ये 'सागर सम्राट'ला तेल लागलं तो हाच समुद्र.

१. विहिरीची भिंत मडच्या नुसत्या वजनाने उभी राहत नाही, हे कळायला मला उशीर लागला. शेल म्हणजे मातीचाच खडक. पाणी प्यायला की फुगतो, सुटतो, ढासळतो. मी बराइटची जड पूड घालून मड जड करत राहायचो. त्या वजनाच्या दाबानेच पाणी बारीक भेगांत शिरायचं आणि चार दिवसांनी तीच भिंत कोसळायची.

२. भेग बुजवायला मऊ कण लागतो. स्टायरिन-ब्युटाडाईन लॅटेक्स म्हणजे कारखान्यात केलेला रबराचा चीक, दिसायला अगदी दूध. त्यातले कण मायक्रॉनहून लहान. दाबाखाली चेपतात, भेगेच्या तोंडाशी बसतात, एकमेकांना धरून पापुद्रा करतात. मड दाबून गाळणाऱ्या फिल्टर प्रेसमधून तीस मिनिटांनी कागद काढला, तेव्हा त्यावरचा थर सायीसारखा पातळ होता. बोट फिरवलं तर गुळगुळीत. तो थर मी कितीतरी वेळ बघत बसलो होतो.

३. दूध नासतं, तसा लॅटेक्सही नासतो. चाचणी मी गोड्या पाण्यात केली होती आणि मड होतं समुद्राच्या पाण्याचं. कण सुटे ठेवणारा स्टॅबिलायझर न घालताच लॅटेक्स ओतला. शेकरवर, म्हणजे विहिरीतून परतलेलं मड गाळणाऱ्या जाळ्यांवर, काम करणाऱ्या काकांचा निरोप आला, "साहेब, जाळीवर रबर येतंय." धावत गेलो. जाळ्या पांढऱ्या गोळ्यांनी बुजलेल्या, मड वरून वाहून चाललेलं. कणांवरचा सारखा विद्युतभार त्यांना एकमेकांपासून दूर ठेवतो. खाऱ्या पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमने तोच मारला होता. पुस्तकात हे मी वाचलेलं होतं. रात्रभर जाळ्या धुतल्या त्या मात्र काकांनी आणि त्यांच्या पोरांनी.

४. लॅटेक्समुळे मडला येणाऱ्या फेसाकडे दुर्लक्ष करू नये. मडमध्ये हवा अडकली की साधा तराजू वजन कमी दाखवतो, आणि माणूस नको असताना बराइट घालतो.

५. आधी स्टॅबिलायझर, मग लॅटेक्स, तोही हळूहळू. आणि चाचणी त्याच टाकीतल्या मडवर. पुढच्या विहिरीला सोळा तास रोलर ओव्हनमध्ये फिरवलेला नमुना घेऊन मी थेट शेकरवर गेलो. काकांनी थोडं मड दोन बोटांत चोळून पाहिलं. "गाठ नाही," म्हणाले. मग मी टाकीचा व्हॉल्व्ह उघडायला सांगितला.