रक्तशर्करेचे गणित : एका आकड्यावर किती विसंबावे?

आमच्या मधुमेह विभागात अनेक नातेवाईक 'होमा' नावाचा आकडा घेऊन येतात आणि विचारतात, "डॉक्टर, हा वाढला आहे, औषध वाढवायचे का?" हा आकडा येतो कोठून आणि त्यावर किती भार टाकता येतो, हे येथे थोडक्यात मांडत आहोत.

शरीरातील शर्करेचे नियमन समीकरणांत मांडले की त्यास गणिती प्रारूप म्हणतात. १९७९ साली रिचर्ड बर्गमन, क्लॉडिओ कोबेली व सहकाऱ्यांनी मांडलेले 'मिनिमल मॉडेल' त्यांत प्रसिद्ध आहे. शिरेवाटे ग्लुकोज देऊन सुमारे तीन तास वारंवार रक्तनमुने घेतात आणि समीकरणांतील अज्ञात राशींना, म्हणजे प्राचलांना, अशा किमती देतात की निघणारा आलेख मोजलेल्या बिंदूंशी जुळावा. एखादे प्राचल किंचित बदलले असता आलेख किती हलतो, हे पाहणे म्हणजे संवेदनशीलतेचे विश्लेषण. आलेख हललाच नाही, तर ते प्राचल मोजमापांतून ओळखता येत नाही. संगणक आकडा देतो, पण त्यास आधार नसतो. टाइप २ मधुमेहात नेमके हेच घडते. रुग्णाचे स्वतःचे इन्शुलिन फारसे वाढत नाही, मग त्याचा परिणाम आलेखात दिसावा कसा? म्हणून पुढे चाचणीच बदलली आणि विसाव्या मिनिटाला इन्शुलिन टोचू लागले. गणिताने वैद्यकास सुचविलेली ही दुरुस्ती आम्हांस फार मोलाची वाटते.

इतके नमुने रोजच्या तपासणीत शक्य नसतात. १९८५ साली ऑक्सफर्ड येथे मांडलेला 'होमा' उपाशीपोटीच्या रक्तावर भागवतो : शर्करा (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) गुणिले इन्शुलिन, भागिले ४०५. शर्करा ९० व इन्शुलिन ९ असता उत्तर येते २; इन्शुलिन ११ निघाले तर २.४४. सूत्रात दोहोंचे वजन सारखेच आहे. परंतु इन्शुलिन रक्तात लाटांनी येते, काही मिनिटांतच वरखाली होते, शिवाय प्रयोगशाळांच्या पद्धतीही भिन्न असतात. त्यामुळे अनिश्चितता मुख्यतः त्या बाजूने शिरते. पाच मिनिटांच्या अंतराने घेतलेल्या तीन नमुन्यांची सरासरी त्यासाठीच सुचविलेली आहे. व्यवहारात बहुधा एकच नमुना घेतला जातो.

म्हणून २ चे २.४ झाले एवढ्यावरून आम्ही औषध बदलत नाही. उपाशीपोटीची व जेवणानंतरची शर्करा, एचबीए१सी, वजन आणि कंबरेचा घेर आधी पाहतो. इन्शुलिन टोचून घेणाऱ्या रुग्णांत तर हा आकडा आम्ही काढतच नाही. नातेवाइकांनी जुने अहवाल, शक्यतो एकाच प्रयोगशाळेचे, सोबत आणावेत.