जुना संगणक टाकू नका

आपल्या खडकीत दारूगोळ्याचा कारखाना १८६९ सालापासून आहे. यंत्र जुने झाले की लगेच भंगारात घालत नाहीत, हे इथला कामगार जाणतो. संगणकाचेही तसेच आहे.

विंडोज १० ची नेहमीची देखभाल ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबली. नवी विंडोज जुन्या संगणकाला पेलत नाही. मग काय करावे? लिनक्स घालावे. फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स यांनी ते १९९१ साली सुरू केले. ते फुकट मिळते.

लिनक्सचे प्रकार पुष्कळ आहेत. कोणता घ्यावा? आधी रॅम पाहावी. रॅम म्हणजे संगणकाची कामापुरती आठवण. ४ जीबी असेल, तर लिनक्स मिंटचा एक्सएफसीई प्रकार घ्यावा. २ जीबी असेल, तर लुबुंटू. १ जीबीच असेल, तर पपी बरे. अंथरूण पाहून पाय पसरावेत.

पण घाई नको. आधी पेनड्राइव्हवरून चालवून पाहू. आवाज येतो का? इंटरनेट लागते का? मराठी अक्षरे नीट दिसतात का? सारे जमले, तरच कायम बसवू.

त्याआधी घरचे फोटो, मुलांचा अभ्यास, कागदपत्रे दुसरीकडे उतरवून ठेवू. नवे बसवताना जुने पुसले जाते. पुसलेले सहसा परत मिळत नाही.