कुरव कसा ओळखावा?

थंडी पडू लागली की कोकणच्या किनाऱ्यावर पांढऱ्या पक्ष्यांचे थवे येतात. होडी बंदरात शिरली की ते मागोमाग ओरडत येतात. यांना कुरव म्हणतात. शहरातील माणसे 'सीगल' म्हणतात. लांबून सारे सारखेच दिसतात. पण त्यांत निरनिराळ्या जाती आहेत. त्या कशा ओळखाव्या, ते आज आपण शिकू.

आधी कुरव आणि सुरय यांतला फरक पाहू. सुरय अंगाने सडपातळ. त्याची शेपटी बहुधा दुभंगलेली असते. तो चोच खाली करून उडतो आणि मासा दिसला की पाण्यात सूर मारतो. कुरव अंगाने भरलेला. त्याची शेपटी पंख्यासारखी. तो बदकासारखा पाण्यावर बसून तरंगतो. घाटावरच्या मंडळींनी नदीवर पिवळ्या चोचीचा सुरय पाहिला असेल. तो नदी सुरय.

आता कुरवाच्या चार जाती पाहू.

१. तपकिरी डोक्याचा कुरव : कावळ्याहून किंचित मोठा. चोच व पाय लाल. पंखांची टोके काळी व त्यांत पांढरे ठिपके. डोळा फिकट.

२. काळ्या डोक्याचा कुरव : पहिल्याहून थोडा लहान. चोच व पाय लालच. पण उडताना पंखाची पुढची कड पांढरीशुभ्र दिसते. डोळा गडद.

३. ह्यूग्लिनचा कुरव : घारीएवढा. पाठ गडद राखी. चोच पिवळी, तिच्यावर लाल ठिपका. पाय पिवळे.

४. पल्लासचा कुरव : सर्वांत थोर. पिवळ्या चोचीच्या टोकाजवळ काळा पट्टा.

इथे एक गंमत आहे बरं का! पहिल्या दोघांची नावे डोक्यावरून पडली. पण हिवाळ्यात दोघांचीही डोकी पांढरी होतात. डोळ्यामागे फक्त एक काळसर डाग उरतो. डोक्याला रंग चढतो तो उन्हाळ्याच्या तोंडावर, परत जाताना. म्हणून नावावर जाऊ नये. पंख पाहावा, डोळा पाहावा. अंगावर तपकिरी ठिगळे असलेला कुरव दिसला, तर ती वेगळी जात समजू नका. ते बहुधा त्याच जातीचे लहान पिलू असते. मोठ्या कुरवांना पुरता रंग यायला सुमारे चार वर्षे लागतात.

हे पक्षी येतात कोठून? तपकिरी डोक्याचा कुरव लडाख, तिबेट व मध्य आशियातील सरोवरांकाठी अंडी घालतो. लडाखमधील त्सो मोरीरी सरोवर सुमारे ४,५०० मीटर उंचीवर आहे. तिथे थंडीत पाणी गोठते. मग खाणार काय? म्हणून तो आपल्या समुद्राकडे येतो. ह्यूग्लिनचा कुरव तर रशियाच्या उत्तर टोकाकडून येतो.

हे कळले कसे? मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी ही संस्था १८८३ साली निघाली. तिची माणसे पक्षी पकडतात, पायात हलके कडे घालतात आणि सोडून देतात. कड्यावर अक्षरे व आकडा असतो. दूर देशी कोणी तो आकडा वाचून कळवला, की पक्ष्याची वाट समजते. पण न वाचता कडे फेकून दिले, तर त्या पक्ष्याची हकीकत तिथेच संपते.

आता तुम्हांला वाचता येते. जाळ्यात कुरव अडकला तर त्याला ओढू नका. डोक्यावर फडके टाका, दोरा कापा. पायात कडे असेल तर आकडा टिपून घ्या. अक्षरे इंग्रजी असली तरी जशी दिसतात तशी कागदावर उतरवा. तारीख व गाव लिहा. मग पक्षी सोडा, आणि कागद वनखात्याच्या माणसाकडे किंवा शाळेतल्या गुरुजींकडे द्या.

मात्र पुष्कळ पक्षी एके ठिकाणी मेलेले दिसले, तर उघड्या हाताने शिवू नका. रोगाची साथ असू शकते. गुरांच्या दवाखान्यात लगेच कळवा.

प्रश्न
१. सुरय व कुरव यांत फरक कोणता?
२. हिवाळ्यात डोके पाहून कुरव का ओळखता येत नाही?
३. कड्यावरचा आकडा टिपल्याने काय कळते?