बांधीतलं बोलणं

गोंदिया

चि. बाळास,


परसवाड्याच्या बाजूला वनरक्षक म्हणून तुझी नेमणूक झाल्याचं ताईने कळवलं. आनंद झाला. पण परवा फोनवर तू म्हणालास, "मामा, इथल्या शेतकऱ्यांना सारस पक्ष्याचं काही पडलेलं नाही, सांगितलं तरी ऐकत नाहीत." ते मनात राहिलं, म्हणून लिहितो.

महाराष्ट्रातला सारस आता बहुतांशी आपल्या जिल्ह्यातच उरलाय. 2021 मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली, तेव्हापासून सरकारी कागदांवर त्याचं वजन वाढलं. तू ते कागद वाचून धानाच्या बांधीत उतरतोस. जरा बांधीच्या मालकाच्या जागी उभा राहून बघ. रोवणी आटोपलेली, पाणी भरलेलं, आणि सारसाच्या जोडीने ऐन मधोमध धान उपटून, लव्हाळं रचून खाटेएवढं घरटं मांडलेलं. आता नर-मादी आळीपाळीने महिनाभर उबवणार, म्हणजे त्या तुकड्यात निंदण नाही की खत नाही. तुला अंडी दिसतात, त्याला गेलेले चूड. खोटं दोघांचंही नाही.

त्यात तुझ्या अंगावर खाकी. तू तोंड उघडण्याआधीच त्याच्या डोक्यात पंचनामा सुरू होतो. उद्या आपल्याच शेतात जायला परवानगी लागेल, ही धास्ती वेगळी. मग "काका, अंडी सांभाळा हो" हे तू कितीही मऊ बोललास तरी त्याला तंबीच वाटते. तो मान डोलावतो, ती तू लवकर निघावंस म्हणून. तू मात्र "शेतकऱ्यास समजावले" अशी नोंद करून मोकळा!

गोंदियाच्या सेवा संस्थेची मंडळी वर्षानुवर्षं शेतकऱ्यांबरोबर बसली, तेव्हा कुठे गावोगाव सारसमित्र तयार झाले. तूही आधी नहराचं पाणी सुटलं का विचार, तुडतुड्याचं विचार. घरट्याचा विषय त्यालाच काढू दे. मग बघ, हाच माणूस सांगेल की जोडी कुठल्या तळ्यावर रात्र काढते आणि गेल्या साली पिल्लू कुठे वाढलं. जोडीबद्दल त्याला माया आहे आणि घरट्याचा घोरही आहे. तू फक्त घोराशीच बोलत होतास.

शिवाय सगळं खापर त्याच्यावर फोडू नकोस. आपल्याकडे सारस विजेच्या तारांना लागूनही मेलेत. तारा काही त्याने ओढल्या नाहीत. हे तू आपणहून बोललास तर तो तुझ्याकडे वेगळ्या नजरेने बघेल.

नुकसानीचं काही मिळेल की नाही, ते साहेबांना विचारून मगच बोल. पोकळ शब्द देऊ नकोस. जूनमधल्या पहाटेच्या सारस-गणनेला मात्र त्या काकांना बरोबर ने आणि जागा त्यांनाच दाखवू दे.

मामी ठीक. ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा