टर्बो आणि क्लच

टर्बोचा दाब वाढवला की इंजिनाचा जोर वाढतो. पण तो चाकांपर्यंत पोचवणारा क्लच तोच राहतो. हिशेब असा: घर्षणांक ०.३, स्प्रिंगचा दाब ५००० न्यूटन, सरासरी त्रिज्या १० सेंटिमीटर, प्लेटच्या बाजू दोन. गुणाकार ३०० न्यूटन-मीटर. इंजिन ३५० देऊ लागले की क्लच घसरतो, प्लेट जळते.

स्प्रिंग कडक केली तर पेडल जड होते. माझे वडील टेम्पो चालवतात. रात्री त्यांचा डावा गुडघा बोलतो, म्हणून हा उपाय मला पटत नाही. सिरॅमिक प्लेटचा घर्षणांक ०.४ धरला तर ४०० पेलतात, पण ती एकदम पकडते, गर्दीत गाडी हिसके खाते. शर्यतीत चालेल. दोन प्लेटांच्या क्लचला बाजू चार, म्हणजे त्याच स्प्रिंगवर ६००. मात्र तो महाग. पैसे नसतील तर टर्बोचा दाबच उतरवावा, असे माझे मत आहे.