संप्राप्तीचे अध्यापन आणि रिकाम्या आकृतीचा उपयोग

निदानपंचकातील संप्राप्ती विद्यार्थ्यांना मुखोद्गत असते. रुग्णासमोर मात्र ती उपयोगात आणता येत नाही, असा अनुभव अध्यापन करणाऱ्या अनेक वैद्यबंधूंना असेल. सूत्र एका ओळीत पुढे जाते, व्याधी मात्र एकाच वेळी अनेक दिशांनी घडत असतो. म्हणून कायचिकित्सेच्या वर्गात आम्ही आकृतीचा आश्रय घेतला.

तमकश्वासाचे उदाहरण घेऊ. हेतू, दोष, दूष्य, स्रोतस, उद्भवस्थान, व्यक्तिस्थान व लक्षणे असे रिकामे चौकोन देऊन ते भरण्यास व बाणांनी जोडण्यास आम्ही सांगितले. कफ, वात, प्राणवह स्रोतस, वायूची प्रतिलोम गती, पीनस, घुर्घुर शब्द हे सारे बहुतेकांनी अचूक लिहिले. उद्भवस्थानाच्या चौकोनात मात्र ‘उर’ आले. चरकाचार्यांनी चिकित्सास्थानाच्या १७ व्या अध्यायात हिक्का व श्वास हे कफवातात्मक असूनही पित्तस्थानातून उद्भवतात असे सांगितले आहे. तोंडी परीक्षेत हेच वचन विद्यार्थी अस्खलित म्हणतात! आकृतीत मात्र आमाशयाकडून उराकडे येणारा बाण कोणीच काढला नव्हता. त्याच अध्यायात तमकासाठी विरेचन का सांगितले, याचे उत्तर त्या न काढलेल्या बाणात आहे. प्राणवह स्रोतसाचे मूळ हृदय आणि महास्रोतस होय, या विमानस्थानातील विधानाचे स्मरण करून देताच एका विद्यार्थिनीने तो बाण काढला व विचारले, “सर, मग दम्याच्या रुग्णाला भूक आणि मलप्रवृत्तीही विचारायला हवी ना?” बाह्यरुग्ण विभागात हा प्रश्न एरवी सर्रास राहून जातो.

ही पद्धत परकी म्हणून नाक मुरडण्याचे कारण नाही. अष्टांगहृदयाचा मोठा वारसा लाभलेल्या तिबेटी वैद्यकात सतराव्या शतकात ‘ग्युशी’ हा ग्रंथ ७९ चित्रपटांतून उलगडला गेला; त्यांत मुळे, खोडे, फांद्या व पाने असलेले वृक्ष आहेत.

प्रारंभी आम्ही तयार आकृती छापून वाटत होतो. ती चूक होती. पाठांतरात आणखी एका पानाची भर पडली, इतकेच. आता ग्रंथ मिटून पेन्सिलीने पंधरा मिनिटांत आकृती पूर्ण करावयाची, नंतर ग्रंथ उघडून शाईने दुरुस्ती करावयाची, असा क्रम ठेवला आहे. रस-वीर्य-विपाकासाठी साधा तक्ताच बरा. आवरणासाठी बाण हवेतच. ज्वर एका पानात मावत नाही, त्याचे भाग पाडावे लागतात. शाईच्या खुणा कोठे दाट आहेत ते पाहून पुढील तासिकेचा विषय आम्ही ठरवतो.